नाटकाचा चित्रपट होताना : 'नटसम्राट' आणि 'कट्यार काळजात घुसली'



आजचा लेख एका मुलाच्या प्रश्नामुळे लिहायला घेतला आहे. गेल्या वर्षी आमच्या केंद्रात एकपात्री अभिनयाची स्पर्धा होती. मोठा गट, म्हणजे सहावी ते आठवी. परीक्षक म्हणून आम्ही तिघे, त्यात मी एक. शाळेच्या पटांगणात पत्र्याखाली स्टेज केलेलं, समोर सतरंज्यांवर दीडएकशे मुले. माईक होता, पण तो इतका घरघर करत होता की निम्म्या मुलांनी बंदच करायला लावला.

दुसऱ्या एका शाळेतला सातवीचा मुलगा 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर करायला उभा राहिला. केसांना पांढरी पावडर, खांद्यावर आजोबांची शाल, हातात काठी. पाठांतर चोख. पण बोलत होता अगदी हळू. एक वाक्य बोलायचा, थांबायचा, खाली बघायचा, ओठ थरथरवायचा, आवंढा गिळायचा. मी पहिल्या रांगेत होते. मला सगळं दिसत होतं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला होता. पण तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून मागे मुलांची चुळबुळ सुरू झाली. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. मी 'हावभाव' या रकान्यात दहापैकी नऊ दिले आणि 'आवाज व शब्दफेक' या रकान्यात चार. त्याचा नंबर आला नाही.

बक्षीस समारंभ झाल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, माझा आवाज कमी पडला असं सर म्हणाले. पण पिक्चरमध्ये नाना पाटेकर पण हळूच बोलतात ना?"

मी म्हणाले, "अरे, स्टेजवर मोठ्यानं बोलायचं असतं." आणि गाडीला किक मारून निघाले. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की हे काही उत्तर नव्हे. त्या मुलाने नाटक कधी पाहिलेलंच नाही. आमच्या तालुक्यात नाट्यगृहच नाही. त्याच्यासाठी 'नटसम्राट' म्हणजे मोबाईलवर पाहिलेला सिनेमा. त्याने तो अगदी प्रामाणिकपणे जसाच्या तसा केला, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याचे गुण कापले.

म्हणून आज आपण पाहू, की गाजलेल्या नाटकाचा जेव्हा चित्रपट होतो तेव्हा नेमकं काय बदलतं. उदाहरणं मुख्यतः दोनच घेते, कारण ती दोन्ही बहुतेकांनी पाहिलेली आहेत.

आधी नाटक

'नटसम्राट' हे वि. वा. शिरवाडकर यांचं नाटक. होय, तेच आपले कुसुमाग्रज. (वर्गात 'नटसम्राट कोणी लिहिले?' असं विचारलं की 'महेश मांजरेकर' हे उत्तर हमखास येतं. मुलांना रागावू नका, सिनेमाच्या पोस्टरवर मोठं नाव दिग्दर्शकाचंच असतं.) पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये मुंबईत झाला. संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. आप्पासाहेबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कथा थोडक्यात अशी. रंगभूमी गाजवून निवृत्त झालेला नट आपली सगळी पुंजी मुलाला आणि मुलीला वाटून टाकतो आणि बायकोसह, तिला तो 'सरकार' म्हणतो, आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या घरी राहतो. दोन्हीकडे अपमान होतो. मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. दोघे घर सोडतात, वाटेत सरकार जातात, आणि एकेकाळचा नटसम्राट रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आधाराने राहू लागतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया या कथेवर आहे, तिथेही म्हातारा राजा राज्य वाटून मोकळा होतो. शिरवाडकरांचा शेक्सपिअरचा अभ्यास जुना होता, 'मॅकबेथ'वरून त्यांनी पूर्वीच 'राजमुकुट' लिहिलं होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डॉ. लागूंचा जन्म नोव्हेंबर १९२७ चा. म्हणजे नाटक आलं तेव्हा त्यांचं वय ४३. त्रेचाळीस वर्षांचा माणूस थकलेला म्हातारा झाला होता, आणि लोकांनी तो मानला. का मानला? कारण रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अंतर असतं. विग, रंगवलेल्या सुरकुत्या, वाकलेली पाठ, काठीची पकड आणि सगळ्यात जास्त म्हणजे आवाज, यांतून दहाव्या-बाराव्या रांगेतला माणूस म्हातारा 'पाहतो'. खरं म्हणजे तो अर्धा पाहतो आणि अर्धा स्वतःच्या मनात तयार करतो.

चित्रपट प्रदर्शित झाला १ जानेवारी २०१६ रोजी. नाना पाटेकरांचा जन्म १ जानेवारी १९५१ चा. म्हणजे त्या दिवशी त्यांना बरोबर ६५ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रंगवायची गरज नव्हती. कॅमेरा इतक्या जवळ जातो की रंगवलेली सुरकुती तो लगेच पकडतो. आमच्या त्या मुलाच्या केसांतली टाल्कम पावडर मला पहिल्या रांगेतून दिसत होती, शेवटच्या रांगेला ते पांढरे केस वाटले असतील. पण शेवटच्या रांगेला शब्द ऐकू येत नव्हते. म्हणजे वेष त्याने नाटकाचा केला होता आणि अभिनय सिनेमाचा.

एकटा माणूस कोणाशी बोलतो?

नाटकातलं 'स्वगत' आपण पाठ्यपुस्तकात व्याख्येपुरतं शिकवतो : पात्र स्वतःशीच मोठ्याने बोलते ते स्वगत. पण विचार करा, खऱ्या आयुष्यात कोणी पाच मिनिटं स्वतःशी मोठ्याने बोलतो का? बोलला तर आपण त्याला दवाखान्यात नेऊ. रंगमंचावर मात्र ते चालतं, कारण नट स्वतःशी बोलतच नसतो. तो अंधारात बसलेल्या शेकडो माणसांशी बोलत असतो आणि त्या माणसांनाही ते ठाऊक असतं. आप्पासाहेबांची मोठमोठी स्वगतं म्हणजे या नाटकाचा कणा. ती गेली पन्नास वर्षं महाराष्ट्रातल्या स्नेहसंमेलनांत म्हटली जात आहेत.

सिनेमात अडचण अशी होते, की समोर कोणीच नसतं. असतो फक्त कॅमेरा. पात्र कॅमेऱ्यात बघून बोलायला लागलं की सिनेमाचा खरेपणा मोडतो. मग एवढ्या बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय?

इथे चित्रपटकारांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी मूळ नाटकात नसलेलं एक पात्र आणलं, रामभाऊ. आप्पासाहेबांचा जुना मित्र, तोही नट. भूमिका विक्रम गोखले यांची. पुष्कळ जाणकारांनी त्या वेळी नाक मुरडलं, शिरवाडकरांच्या नाटकात हा कोण घुसवला म्हणून. मीही आधी त्यांच्यातच होते. पण पुन्हा पाहिल्यावर कळलं, रामभाऊ हा स्वगताला दिलेला कान आहे. जे आप्पासाहेब नाटकात प्रेक्षकांना सांगू शकत होते ते सिनेमात सांगायला त्यांना एक माणूस लागत होता, आणि तो असा हवा होता की ज्याला नटाचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. रुग्णालयात दोघे म्हातारे कर्ण आणि कृष्ण उभे करतात तो प्रसंग आठवा. तिथे मोठ्याने, रंगभूमीच्या सुरात बोलायला परवानगी मिळते, कारण ती दोन्ही पात्रंच नट आहेत. पुस्तकात हा प्रसंग शोधू नका, मिळणार नाही.

बाकी बदल बरेच आहेत. मुलगी नाटकात नलिनी आहे, सिनेमात विद्या. मुलगा नंदाचा मकरंद झाला. घर मुंबईतल्या आजच्या फ्लॅटसारखं झालं. हे बदल महत्त्वाचे नाहीत, परीक्षेतही कोणी विचारणार नाही.

माझ्या बाबांची गोष्ट

थोडं विषयांतर करते. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तरुणपणी त्यांनी 'नटसम्राट'चा प्रयोग पाहिला होता, जिल्ह्याच्या ठिकाणी, सगळ्यात स्वस्त तिकिटात, म्हणजे अगदी मागे. त्यात कोण नट होते हे त्यांना आता आठवत नाही, पण आवाज आठवतो. आप्पासाहेबांचं बोलणं ते आजही त्या चढ-उतारासकट म्हणून दाखवतात.

२०१६ मध्ये मी त्यांना आणि आईला सिनेमाला घेऊन गेले. मला वाटलं होतं ते म्हणतील, नाटकाची मजा नाही. बाहेर आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वेळी मला कावेरीबाईंचा चेहरा दिसलाच नव्हता गं. नुसती लुगड्यातली बाई दिसायची. आज दिसला." सिनेमात मेधा मांजरेकर फार बोलत नाहीत. नवऱ्याच्या आधी सगळं कळलेली बाई त्या नुसत्या डोळ्यांनी दाखवतात. नाटकात कावेरीला हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचं तर बोलावं लागतं किंवा हालचाल तरी करावी लागते. नुसतं बघणं तिथे पोहोचत नाही. स्वस्त तिकीटवाल्याला तर नाहीच.

त्या रात्री जेवताना बाबांनी आईकडे न बघता विचारलं, "सातबाऱ्यावर पोरांची नावं यंदा लावायची होती ना? राहू दे सध्या." आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. राग आला, हसूही आलं, आणि थोडी भीतीही वाटली, की यांना आपल्याबद्दल असं वाटू शकतं. असे जेवण नंतर किती घरांत झाले असतील कोण जाणे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, परत मिळवण्याची सोय त्यात आहे. नाटक आलं तेव्हा हा कायदा नव्हता. आप्पासाहेबांकडे फक्त शब्द होते. (सातबारा अजून बाबांच्याच नावावर आहे आणि त्यावर आमची काही तक्रार नाही.)

'कट्यार' : एका माणसाचे दोन झाले

दुसरं उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'. नाटक १९६७ चं, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर. म्हणजे 'नटसम्राट' ज्यांनी रंगमंचावर बसवलं तेच. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. चित्रपट नोव्हेंबर २०१५ मध्ये दिवाळीला आला, दिग्दर्शक सुबोध भावे. दोन महिन्यांच्या आत दोन मोठ्या नाटकांचे सिनेमे, असा तो हंगाम होता.

विश्रामपूर संस्थानात राजगायकाच्या पदासाठी दोन घराण्यांच्या गायकांत चुरस. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर शास्त्री आणि खाँसाहेब, यांच्यामधली ही ईर्ष्या. पुढे पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांच्याच हवेलीत नोकर म्हणून राहून त्यांची विद्या चोरून ऐकतो.

इथे बदल कुठे झाला? गळ्यात. नाटकात वसंतराव अभिनय करत होते आणि तेच गात होते. राग आला तर तो त्याच छातीतून यायचा आणि तान पण त्याच छातीतून. चित्रपटात खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि ऐकू येतात राहुल देशपांडे, जे वसंतरावांचे नातू. सदाशिव दिसतात सुबोध भावे, ऐकू येतात महेश काळे, ज्यांना या सिनेमातल्या गाण्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फक्त पंडितजींच्या बाबतीत उलटी वाट धरली : शंकर महादेवन हे मुळात गायक, त्यांना अभिनय करायला लावला. आणि गंमत बघा, पडद्यावर पंडितजी गायला बसले की गळ्याच्या शिरा, श्वास, हाताची फेक सगळं आपोआप जागच्या जागी येतं. सचिन यांनी खूप मेहनत घेतली आहे, त्यांचे डोळे मत्सराने कसे जळतात ते पाहण्यासारखं आहे. पण तान चालू असताना मी त्यांच्या गळ्याकडे बघते आणि मला ते जाणवतं. तुम्हाला नसेल जाणवत तर उत्तमच.

दुसरी गोष्ट वेळेची. संगीत नाटकात प्रेक्षकांतून 'वन्समोअर' आला की पद पुन्हा व्हायचं, आणि पुन्हा होताना तसंच होत नसे. नट-गायकाला त्या दिवशी काय सुचेल ते. काल ऐकलेलं पद आज वेगळं. म्हणूनच लोक एकच नाटक दहा-दहा वेळा पाहायचे. सिनेमात गाणं एकदा ध्वनिमुद्रित झालं की झालं. टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा, पडद्यावरच्या माणसाला ऐकू जात नाही. या नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या ढंगांत येतं, आणि फरक ऐकणाऱ्याने कानाने ओळखायचा असतो. सिनेमाच्या प्रेक्षकाचा तेवढा कान तयार असेल असं धरता येत नाही. म्हणून चित्रपटात अभिषेकीबुवांच्या जुन्या पदांच्या बरोबरीने शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, कव्वाली आली, आणि वैर कुठून सुरू झालं ते प्रसंगांतून सविस्तर दाखवलं गेलं.

जुन्या लोकांना नवी गाणी खटकली. मला एवढंच सांगायचं आहे, की माझ्या वर्गातली दहा वर्षांची पोरं, ज्यांच्या घरी शास्त्रीय संगीत कोणी लावत नाही, ती मधल्या सुट्टीत हात हलवत ताना मारताना मी पाहिली आहेत. बेसूर, पण ताना. तिथून मी त्यांना वसंतरावांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. दोन मिनिटांनी बरेच जण कंटाळले. तिघे नाही कंटाळले.

पडद्यामागचं पडद्यावर

नाटकाचा सिनेमा करणं ही आजचीच गोष्ट नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा चित्रपट सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्येच केला होता, आणि रंगमंचावरची बेणारे, सुलभा देशपांडे, हीच पडद्यावर आली. बेणारेबाई शिक्षिका आहेत, त्यामुळे आपल्यापैकी प्रत्येकीने हे नाटक वाचायला हवंच. अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, खाडिलकरांच्या १९११ च्या 'संगीत मानापमान'वरही सुबोध भावे यांनी सिनेमा आणला. नाटकात भामिनी बालगंधर्व करत, सिनेमात ती वैदेही परशुरामी आहे. शंभर वर्षांत काय काय बदललं ते या दोन नावांतच दिसतं.

हिंदीतलं एक उदाहरण मोठ्या मुलांसाठी. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून रंगमंचावर होत नाही. तो आत होतो. आपल्याला फक्त रक्ताने माखलेले हात घेऊन बाहेर आलेला खुनी दिसतो, आणि तेवढ्याने थरकाप होतो. विशाल भारद्वाज यांच्या 'मकबूल' (२००३) मध्ये तो खून आपल्यासमोर, पलंगावर होतो. नाटक दाराआड ठेवतं, सिनेमा दार उघडतो. कधी त्यामुळे प्रसंग मोठा होतो, कधी छोटा. 'मकबूल'मध्ये तो छोटा झाला नाही असं माझं मत, पण त्यातल्या चेटकिणींच्या जागी आलेले दोन पोलीस मला खुनापेक्षा जास्त आवडले.

वर्गात करून पाहिलेला प्रयोग

हे सगळं मुलांना तोंडी सांगून समजत नाही. मी माझ्या पाचवीच्या वर्गात असं केलं. एकच साधं वाक्य दिलं : "आई, मी आज जेवणार नाही." आधी ते शेजारी बसलेल्या मित्राच्या कानात म्हणायचं. मग फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत. मग पटांगणात ध्वजस्तंभाजवळ उभं राहून, बाकी सगळे व्हरांड्यात. शेवटी मोबाईल चेहऱ्याजवळ धरून चित्रीकरण करायचं आणि सगळ्यांनी मिळून पाहायचं.

मोबाईलसमोर बहुतेकांनी भयंकर ओव्हरअ‍ॅक्टिंग केली. पाहताना स्वतःच लाजले. एका मुलाने नुसतं खाली बघून ते वाक्य पुटपुटलं आणि वर्ग एकदम शांत झाला. ध्वजस्तंभाजवळ मात्र तोच मुलगा कोणाला ऐकू आला नाही. तिथे बहुतेकजण ओरडले. ओरडण्याने शब्द पोहोचले, दुःख पोहोचलं नाही. मग एक मुलगी गेली, एरवी वर्गात फारशी न बोलणारी. ती वाक्य म्हणाली ते जेमतेम ऐकू आलं. पण म्हणण्याआधी ती चार पावलं चालली, थांबली, आमच्याकडे पाठ केली आणि मातीत बसली. व्हरांड्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, हिला कोणी मारलंय का?"

शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम चाळीस मिनिटांत होतो, साहित्य काही लागत नाही. फक्त वाक्य रोजच्या जगण्यातलं घ्या. नाटकातलं घेतलंत तर मुलं सिनेमाची नक्कल करतात.

त्या सातवीतल्या मुलाच्या सरांना मी हा लेख पाठवते आहे. त्याला सांगा, तू केलंस ते चूक नव्हतं, तू सिनेमातले आप्पासाहेब केलेस आणि आम्ही तुला नाटकातल्या रकान्यांत मोजलं. नाना हळू बोलतात कारण कॅमेरा आणि माईक त्यांच्या तोंडाजवळ असतात. तुझ्या तोंडाजवळ काहीच नव्हतं. यंदा तू आठवीत आहेस, या गटात शेवटचं वर्ष. पुन्हा आप्पासाहेबच करणार असशील तर शिरवाडकरांचं पुस्तक आमच्या शाळेत आहे, सरांना सांगून मागवून घे. शाल तीच चालेल. केंद्रप्रमुखांना मी माईकचं सांगितलं आहे, पण तू त्याच्या भरवशावर राहू नकोस.